नुसता चहाच तर घेतला!

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन मी भूलतज्ज्ञ असल्याचे सांगतो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "पूर्ण भूल देणार की अर्धी?" अर्धी म्हणजे कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे. ही विभागणी कामचलाऊ असली, तरी मीही ती बिनदिक्कत वापरतो.

दुसरा प्रश्न मात्र नातेवाइकांदेखत विचारला जात नाही. मुलगा औषधे आणायला खाली गेला, की आजी हळूच विचारतात, "मी परत उठेन ना हो?" भूल म्हणजे एकच मोठे इंजेक्शन, ते देऊन डॉक्टर निघून जातात आणि पुढचे नशिबावर, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात शिरेतून दिलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या प्रोपोफॉलचा असर काही मिनिटांतच ओसरतो. पुढचे दोन-तीन तास झोप टिकते ती बहुतेक वेळा श्वासावाटे सतत दिल्या जाणाऱ्या औषधामुळे, आणि ते बंद केले की रुग्ण जागा होऊ लागतो. त्या सगळ्या वेळात मी त्याच्या उशाशीच असतो. रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागला, की नाडीबरोबर वाजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचा आवाज खालच्या पट्टीत उतरतो, त्यामुळे पाठमोरा होऊन सिरिंज भरतानाही माझे कान तिकडेच लागलेले असतात. (थिएटरमध्ये मोठ्याने गाणी लावणाऱ्या सर्जनांशी माझे खटके उडतात ते यावरूनच.)

सर्वांत जास्त वेळ मात्र उपाशी राहण्याचे कारण समजावण्यात जातो. भूल दिल्यावर खोकण्याची आणि गिळण्याची उपजत क्रिया मंदावते; अशा वेळी पोटातले अन्न आणि आम्ल उलटून घशाशी आले, तर ते श्वासनलिकेतून थेट फुप्फुसात उतरू शकते आणि ते जिवावर बेतते. साधे पाणी जठरातून लवकर पुढे सरकते, म्हणून निरोगी माणसाला ते दोन तास आधीपर्यंत चालते. दूध पोटात गेल्यावर घट्ट होते, त्यामुळे दुधाचा चहा आम्ही हलक्या खाण्यातच धरतो आणि त्यासाठी ६ तास मोजतो. तळणीच्या किंवा मटणाच्या जेवणाला ८ तास. कमरेतली भूल पुरेशी चढली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून तिथेही हाच नियम.

हर्नियाच्या एका काकांनी "सकाळपासून पाण्याचा थेंबही नाही" असे ठामपणे सांगितले होते, पण टेबलावर आडवे झाल्यावर त्यांच्या मिशीत बिस्किटाचा चुरा दिसला. "अंगात जरा ताकद हवी म्हणून हिनेच दिलं, नुसता चहाच तर घेतला," असे ते ओशाळून म्हणाले. शस्त्रक्रिया संध्याकाळवर गेली, सर्जन वैतागले आणि घरच्यांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला. मीही शांत राहिलो असे म्हणणे खोटे ठरेल.

कमरेतल्या इंजेक्शनवर तर सगळ्याच कंबरदुखीचे खापर फुटते. सिझेरियनच्या वेळी वापरलेली सुई सलाइनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक असते, आणि प्रौढ माणसाचा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ती टोचली जाते. टोचलेली जागा चार दिवस ठणकते, हे खरे. पण वर्षानुवर्षे टिकणाऱ्या दुखण्यामागे गरोदरपणात कमरेवर आलेला ताण, बाळाला सतत उचलणे, वाकून पाजणे आणि अपुरी झोप हीच कारणे अधिक असतात.

या इंजेक्शनाचा खरा त्रास वेगळाच आहे, आणि त्याबद्दल क्वचितच कोणी विचारते. सुईच्या छिद्रातून मणक्यातला द्रव पाझरत राहिला, तर एक-दोन दिवसांत डोके दुखू लागते. उठून बसले की ते वाढते आणि आडवे झाले की उतरते. त्यावर उपचार आहेत, म्हणून घरी गेल्यावर असे झाले तर शेजारच्या मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नये, रुग्णालयात फोन करून भूलतज्ज्ञांना विचारावे.