क्राउन रॉयलमधली राय: या महिन्याची नोंद

सिंगल माल्टला जरा सुट्टी देऊन कॅनडाच्या ब्लेंडेड (मिश्र) व्हिस्कीकडे वळायचं ठरवलं होतं, वळलो. बाटली क्राउन रॉयल डिलक्स, ४० टक्के, पिशवी अर्थातच जांभळी. आपल्यातले बरेच जण तिला 'गोड आणि गुळगुळीत' म्हणून मोडीत काढतात. गुळगुळीत आहेच. पण ती मुद्दाम तशी घडवलेली आहे, आणि ते घडवणं जिभेला पकडता येतंय का, हे बघायचं होतं.

बर्बन (अमेरिकन व्हिस्की) करणारे मका, राय (गव्हासारखं एक धान्य), बार्ली एकत्रच शिजवतात. कॅनडात बहुतेक ठिकाणी प्रत्येक धान्याची व्हिस्की वेगळी गाळतात, वेगळी मुरवतात आणि शेवटी मिसळतात. मक्याची 'बेस' नव्वद टक्क्यांच्या वर अल्कोहोल येईपर्यंत गाळलेली, म्हणून हलकी. रायची 'फ्लेवरिंग' कमी टक्क्यांवर काढलेली, म्हणून तेलकट आणि तिखट. कायद्याने किमान तीन वर्षं लाकडात. क्राउन रॉयलमध्ये पन्नासेक व्हिस्की असतात असं कंपनी सांगते. त्यातली एक बर्बनच्या वळणाची. व्हॅनिला बहुधा तिचीच, असा माझा कयास.

नाकाला व्हॅनिला, टॉफी, पिकलेलं केळं. घोट गोड, मागून ओकचा तुरटपणा. पण राय कुठे?

त्यासाठी लॉट ४० आणली. विंडसरच्या हायरम वॉकर डिस्टिलरीची, निखळ राय, तांब्याच्या पॉट स्टिलमधली (हंड्यासारख्या भट्टीतली). ३० मिली क्राउन रॉयलमध्ये सिरिंजने १ मिली टाकली आणि लवंग-मिरी एकदम पुढे आली. ३ मिलीला मात्र क्राउन रॉयल संपली, उरली ती पातळ केलेली राय. त्यानंतर साधी क्राउन रॉयल घेतली, तर तीच लवंग सापडली: गिळल्यानंतर, जिभेच्या कडांना. दोन-चार थेंब पाण्याने ती लवकर वर येते. बर्फ टाकलात तर विसरा.

थोडं घराण्याबद्दल. १९३९ मध्ये राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सीग्रामच्या सॅम ब्रॉन्फमन यांनी त्यांच्यासाठी हे ब्लेंड केलं. मुकुट, पिशवी, हिऱ्यासारखे पैलू पाडलेली बाटली, सगळा थाट तिथला. रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइडवर दिसणारं सीग्राम हे नाव याच घराण्याचं, मूळ ओंटारिओतल्या वॉटर्लूचं. या शतकाच्या सुरुवातीला कंपनीच्या दारूधंद्याची वाटणी झाली: क्राउन रॉयल ब्रिटिश कंपनी डिआजिओकडे, भारतातलं सीग्राम फ्रेंच कंपनी पर्नो रिकाकडे. आज क्राउन रॉयल प्रामुख्याने मॅनिटोबातल्या गिमलीत, विनिपेग सरोवराच्या काठी गाळली जाते. २०२५ मध्ये डिआजिओने ओंटारिओतला ॲमहर्स्टबर्गचा बाटलीबंद करायचा कारखाना गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी कॅमेऱ्यांसमोर अख्खी बाटली उपडी केली. राजकारण समजू शकतो, पण व्हिस्कीने काय केलं होतं?

पुढच्या नोंदीत कॅनेडियन क्लब. तिथे मिश्रण बॅरलमध्ये भरण्याआधीच होतं, म्हणजे राय आणि मका एकत्रच मुरतात. तेव्हा लवंग अशी वेगळी काढता येणार नाही, असा माझा अंदाज आहे. कोणी चाखून बघितली असेल तर आधीच सांगा, म्हणजे सिरिंज बाहेर काढायची की नाही ते ठरवतो.