आमची वाटचाल : आठ बाय चारचा बोर्ड

आम्ही लिहा-पुसायचे पांढरे बोर्ड बनवतो. लोकांना वाटतं बोर्डवाल्यांना स्क्रीनने मारलं. आम्हाला मारलं लॅमिनेटने. आमचा बोर्ड सिरॅमिकचा, म्हणजे पोलादी पत्र्यावर ८०० अंशांच्या आसपास भाजलेला इनॅमलचा, म्हणजे काचेसारखा, थर. आमचाच पहिला भागीदार वेगळा झाला आणि एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) पांढरं लॅमिनेट चिकटवून निम्म्या भावात विकू लागला. गिऱ्हाईक तिकडे गेलं. दोन पावसाळ्यांत ओल शिरून कडा फुगल्या, घासून घासून चकाकी गेली, शाई बारीक छिद्रांत बसली आणि पुसलेल्या आकड्यावर नवा आकडा वाचायची वेळ आली. तोवर आमचे निम्मे कारागीर दुसरीकडे लागले होते.

  

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक टिकलं, भोसरीतलं एक प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करणारा कारखाना. त्यांच्या आठ बाय चार फुटी बोर्डवर ३ मिलिमीटरच्या काळ्या टेपचे रकाने : तास, टार्गेट, अ‍ॅक्च्युअल, रिजेक्शन, कारण. दर तासाला पाळीचा माणूस स्वतः लिहायचा, कारण लाल शाईत. कोपऱ्यात डायच्या (साच्यांच्या) दुरुस्तीची यादी, वर चौकटीत ‘पुसू नये’. ती महिनोन्‌महिने तशीच.

मग तिथे ७५ इंची स्क्रीन लागली, आम्हीच लावली. सहा स्लाइड, प्रत्येकी १५ सेकंद. आपल्या उत्पादन लाइनची स्लाइड निसटली की ७५ सेकंद मान वर करून उभं राहायचं. ‘कारण’ भरायला लॉगिन, म्हणून तो रकाना रिकामा. छपरातल्या पारदर्शक पत्र्यांचा उजेड काचेवर. थोड्याच दिवसांत स्क्रीनशेजारी कागद चिकटले, मग जुना बोर्ड स्टँडवर परत आला.

हिशोब साधा होता. ७५ इंच हे कर्णाचं माप. प्रत्यक्षात साडेपाच फूट बाय तीन, म्हणजे आठ बाय चारच्या जेमतेम निम्मी जागा. आता आम्ही एकच पान लावतो, स्लाइड नाही. दर १० फुटांना १ इंच अक्षर. ३० फुटांवरून बघायचं तर ३ इंच, त्यात जे मावेल तेवढंच. स्क्रीन आपोआप झोपायची सेटिंग बंद. टच इन्फ्रारेडचा (चौकटीतल्या अदृश्य किरणांनी बोट ओळखणारा) असेल तर चौकटीच्या आतली कड रोज कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर धूळच बटणं दाबते. आणि ‘कारण’ रकान्यासाठी शेजारी तीन बाय दोनचा सिरॅमिक बोर्ड. तो कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो. खरेदी खातं पहिल्यांदा तोच कापतं.