सांग्यातला जनरेटर आणि टाकीभर वीज

साळावली धरण पावसाळ्यातच बघायचं, असं सगळे सांगतात. म्हणून सगळे पावसाळ्यातच तिथे असतात. गोल सांडव्यात कोसळणारं पाणी मला दिसलं ते सेल्फीवाल्यांच्या कोपरांमधून. पणजी, फोंड्याची देवळं वगैरे झालं, त्यात नवीन काही नाही.

लिहायचंय ते सांग्याजवळच्या होमस्टेबद्दल. जेवण फर्मास, सोलकढी मागून मागून प्यायलो. पण संध्याकाळी वारा सुटला, लाईट गेली आणि मालक काकांनी जाहीर केलं: जनरेटर सात ते दहा, तासाचे पैसे वेगळे. माझं डोकंच फिरलं. भाड्यात वीज धरत नाहीत?

"दुपारभर एसी लावलात, मी काही बोललो? रात्रीची वीज महाग."

मी वीजदरांच्याच हिशेबावर पोट भरतो, त्यामुळे गप्प बसावं लागलं. मग काकांनीच विषय काढला. एवढा वारा फुकट जातोय. पवनचक्कीने टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचं, रात्री सोडून वीज करायची. कुळागराला, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेला, पाणी देणारी त्यांची टाकी हजार लिटरची, विहिरीपासून साधारण १० मीटर वर. बिलाच्या पाठीवर गणित मांडलं: २७ वॉट-तास. ९ वॉटचा एक बल्ब तीन तास, तेही काहीच वाया जात नाही असं धरून.

"एवढंच?" काका चक्क दुखावले.

म्हणून तर उंची लागते. स्पेनच्या एल हिएरो बेटावर वरचा तलाव ज्वालामुखीच्या मुखात आहे, खालच्यापेक्षा सुमारे ६५० मीटर उंच. जोडीला ११.५ मेगावॉटच्या पवनचक्क्या. २०१४ साली प्रकल्प सुरू झाला. तिथे तुलना बोटीने आणलेल्या महागड्या डिझेलशी होती. तरी डिझेलची जनित्रं मोडीत काढता आली नाहीतच. आपल्या महाराष्ट्रातलं घाटघर हे असंच पाणी वर चढवून वीज करणारं केंद्र, २५० मेगावॉटचं, पण ते पाणी चढवतं ग्रिडच्या विजेवर.

त्यामागे साधा व्यवहार आहे. तीन रुपयांची वीज वापरून पाणी चढवलं आणि पाऊणच परत मिळाली, की युनिट चार रुपयांना पडलं. बांधकामाचा खर्च अजून धरलेलाच नाही. त्यात फक्त वारा असेल तेव्हाच पंप चालवायचे, तर ते कितीतरी वेळ बसून राहणार. कर्जाचं व्याज काही बसत नाही. आणि इथला जोराचा वारा पावसाळ्यातला. असा तलाव दुपारची वीज रात्रीला पुरवील, जुलैची मे महिन्याला नाही.

"मग माझं डिझेलच बरं म्हणा," काका म्हणाले.

तुमच्यापुरतं, हो, म्हणालो. पैसे काही त्यांनी कमी केले नाहीत, आणि जनरेटर पावणेदहालाच बंद केला.