दाखल्यावर काय लिहायचे

मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून काम करताना मला भेटणारी बहुतेक तरुण मुले फार उशिरा येतात. तोवर घरच्यांनी नरसोबावाडीच्या वाऱ्या केलेल्या असतात आणि दृष्टही काढून झालेली असते. करवीर तालुक्यातील 19 वर्षांचा हा मुलगा मात्र काही आठवड्यांतच आला आणि त्याचे श्रेय तालमीतल्या वस्तादांचे आहे. ते स्वतः त्याला घेऊन आले होते. "मॅडम, पोरगं आळशी न्हाई. दुसऱ्याच्या हातची थंडाई पीत न्हाई आणि रातभर जागंच असतंय," एवढेच ते म्हणाले. आजाराची सुरुवात इतक्या नेमकेपणाने सांगणारी चिठ्ठी डॉक्टरांकडूनही क्वचितच येते.

अशा मुलाला पहिल्याच भेटीत 'आवाज ऐकू येतात का' असे विचारले की तो मिटतो. म्हणून मी झोपेपासून सुरुवात करते, मग जेवण, मग वर्गात शेजारी कोण बसते, आणि त्यानंतरच ओळखीची माणसे अलीकडे वेगळी वाटतात का, हे विचारते. त्याने उत्तर देण्याआधी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मागच्या कॅमेऱ्यावर मल्ल बोटांना गुंडाळतात ती पांढरी चिकटपट्टी नखाने दाबून बसवलेली होती. "मी डाव टाकायच्या आधीच समोरच्याला कळतंय, कोणतरी सांगतंय त्याला," तो म्हणाला.

डॉक्टरांनी गांजा, फिट आणि थायरॉइड यांची चौकशी केली, कमी मात्रेत औषध सुरू केले, पण आजाराला नाव दिले नाही. ते मला पूर्णपणे पटले, कारण या टप्प्यावरची लक्षणे पुढे कोणते वळण घेतील हे काळच सांगतो, आणि उपचार मात्र थांबू शकत नाहीत. लक्षणे जितका काळ उपचारांविना राहतात, तितके सावरणे अवघड होते.

कॉलेजला मात्र हजेरी माफ करण्यासाठी दाखल्यावर आजाराचे नावच हवे होते. बहुतेक मानसिक आजार पंचविशीच्या आतच सुरू होतात, तरी विद्यार्थ्यांचे हजेरीपट सांभाळणाऱ्यांना याची दखल घ्यावीशी वाटत नाही, याचा मला मनापासून राग येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. वडील म्हणाले, "काय बी लिवा, पण वर्ष वाचवा." मुलाने विचारले, "तो कागद कोण कोण वाचणार?" आपल्यावर पाळत आहे असे मानणाऱ्या मुलाचा हा प्रश्न मला आजाराच्या खात्यात टाकता येईना, तो अगदी रास्त होता, आणि माझ्याकडे त्याचे खात्रीचे उत्तर नव्हते.

'उपचार सुरू असून विश्रांतीची गरज आहे' असा दाखला कॉलेजने परत पाठवला. आता मी प्राचार्यांना देण्यासाठी पत्र लिहिले असून ते आधी मुलाला वाचायला दिले. त्याने त्यातला 'सहानुभूतीने' हा शब्द काढायला लावला, बाकी मजकुराला होकार दिला. सोमवारी ते पत्र आणि कायद्यातील गोपनीयतेच्या कलमाची प्रत घेऊन मी प्राचार्यांना भेटणार आहे.