चाकू कोणता चांगला, हे विचारायच्या आधी

जंगलात न्यायला चाकू कोणता घेऊ असं एखाद्या नवीन पोरानं विचारलं की आमच्या चार दोस्तांत लगेच दोन पार्ट्या पडतात. अर्धे म्हणतात कार्बन स्टील, अर्धे म्हणतात स्टेनलेस, मग आवाज चढतात आणि ज्यानं विचारलं तो तसाच बसून राहतो. मला हे खरंच आवडत नाही, कारण दोन्हीकडचे लोकं अनुभवानंच बोलून राहिले असतात, फक्त अनुभव कुठला ते कोणी विचारत नाही.

माझं मत सांगतो. पातं चार इंचाचं, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, फोल्डिंग नाही, आणि स्टेनलेस. मी झाडीपट्टीत राहतो, धानाच्या बांध्यांत पाणी, हवा सगळी ओली, इथं पावसाळ्यात कार्बनचा चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून दिला की पात्यावर लाल ठिपके येतातच, चामडं ओल धरून ठेवतं ना. स्वीडनच्या मोरा कंपनीचा कम्पॅनियन नावाचा साधा चाकू घ्या, त्याच्या स्टेनलेस पात्यात कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, तो जंग धरायला वेळ लावतो. तरी पूर्ण गंज-फ्री असं काही नसतं, पुसून कोरडा करून ठेवावाच लागतो.

आता कार्बनवाल्यांचं ऐका. त्यांचं म्हणणं की धार साध्या दगडावर पटकन लागते, आणि पात्याच्या मागच्या बाजूनं चकमकीच्या दगडावर ठिणगी पडते, स्टेनलेसनं ती नीट पडत नाही. बरोबर आहे. फेरो रॉड, म्हणजे घासली की ठिणग्या पडणारी धातूची कांडी, असला तर मात्र पाठ काटकोनात, कडक कोरेची पाहिजे, मग स्टील कोणतंही चालतं. हे माहीत नसल्यामुळं अर्धी भांडणं होतात.

आणि खरा कार्बन पाहायचा असला तर आमच्या गावच्या लोहारकाकांकडं या. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याचा चाकू करतात. तापवून लाल झाला की आधी चुंबक लावून पाहतात, चिकटला नाही म्हणजे तयार, मग फक्त धारेची बाजू तेलात बुडवतात, पाठ तशीच ठेवतात. मी विचारलं, "काका, सगळाच काऊन नाही बुडवत?" तर म्हणे, "सगळा कडक केला तर आपटला की तुटते ना बाबू, पाठ नरम राहिली पाहिजे." मग हळूहळू तापवून धारेवर गव्हाळी रंग आला की थांबतात, आणि कानस घासून पाहतात, कानस घसरली, चरा नाही पडला, की मान हलवतात. त्यांना एचआरसीचा, म्हणजे पोलादाचा कडकपणा मोजायचा, आकडा विचारला तर हसतील, पण पातं मी पाहिलंय, अस्सल काम.

जाडीचं भांडण तर त्याहून मोठं. माझा नागपूरचा दोस्त पाच मिलिमीटर जाड, सात इंची फुल टँगशिवाय बोलतच नाही. टँग म्हणजे मुठीत गेलेलं पात्याचं पोलाद, आणि फुल टँग म्हणजे ते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. तो हिमालयात जातो, तिथं ओल्या लाकडाच्या आतला कोरडा भाग काढायला चाकूवर दुसऱ्या लाकडानं ठोकून ओंडका फोडावा लागतो, आणि तिथं पातळ, अर्ध्या टँगचा चाकू दगा देऊ शकतो. त्याचं पटतं मला. पण इकडं वाळका बांबू उभा मिळतो, तो रेषेनं आपोआप फाटत जातो. आमच्याकडचे बुरडकाका पातळ पात्यानं टोकाला थोडी चीर देतात आणि मग नुसतं हातानं उकलत नेतात. जाड पातं त्यांना दाखवलं तर म्हणाले, "हे कुऱ्हाडीचं काम चाकूकडून काऊन करवता?" त्यांचंही पटतं. फक्त बांबू धार लवकर मारतो, त्यात सिलिका असते, म्हणून धारेचा दगड सोबत लागतोच.

म्हणून आता कोणी मत सांगितलं की मी आधी विचारतो, भाऊ, तुम्ही याच्यानं कापता काय, आणि कुठं? उत्तर ऐकलं की निम्मा राग उतरतो. उगा "तुमचं चूक" म्हणून काय मिळते?

एक गोष्ट मात्र मताची नाही. ताडोबा असो की मेळघाट, अभयारण्यात चाकू नेताना विचार करा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं म्हणाल तर घरकाम-शेतीची हत्यारं सोडून त्याला शस्त्र कायद्याचे नियम लागू शकतात, तेव्हा मोठं पातं घेताना नीट चौकशी करूनच घ्या.

दोस्त दिवाळीत गावी येतोय, आमच्या शेतावर मुक्काम आहे. तो त्याचा सात इंची आणणार, ओंडके तो फोडणार, बांबू मी तासणार, आणि लोहारकाकांनाही बोलावलंय, धार कोणाची टिकते ते त्यांनीच पाहावं.