तुम्ही विचारलंत म्हणून: तो पेपर माझ्या परिचयात का नसतो

व्याख्यानाचं आमंत्रण येतं, मी परिचय पाठवते, संयोजक गूगल स्कॉलरवर माझं नाव टाकून बघतात आणि हमखास विचारतात, ‘मॅडम, तुमचा सगळ्यात जास्त सायटेशन असलेला पेपर यात राहिलाय. घालू का?’ (सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या लेखात त्या पेपरचा दिलेला संदर्भ.) तो राहिलेला नसतो. मी काढलेला असतो. विद्यार्थी हेच विचारतात, सहकारी विचारतात. एका निवड समितीने तर ‘त्या पेपरच्या बाबतीत काही झालं होतं का?’ असं आडून विचारलं. इतकी वर्षं ‘जुना झाला हो तो’ म्हणून मी वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते सांगून टाकते, कारण माझ्या गप्प बसण्याचेही लोक आपापल्या परीने अर्थ लावायला लागलेत.

पहिली गोष्ट, त्या पेपरमध्ये काहीही खोट नाही. कच्ची नोंद अजून माझ्याकडे आहे, कुणीही येऊन तपासावी. अभ्यास छोटा होता. वॉर्डात दाखल असलेले प्रौढ रुग्ण, साठीच्या आतले, मूत्रपिंडं चांगली असलेले. त्यांना अ‍ॅमिकासिन हे मूत्रपिंडांना इजा करू शकणारं प्रतिजैविक दिवसातून एकदा, जास्तीत जास्त पाच दिवस, आणि रक्तातली औषधाची पातळी मोजत मोजत दिलेलं. अशा रुग्णांमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली की रक्तात साचणारा घटक, क्वचितच वाढलं, एवढंच आम्ही लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात हेही लिहिलं की वयस्कर रुग्ण, आधीपासून मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि लांबलेले उपचार यांना हा निष्कर्ष लावू नये. आजही त्यातल्या प्रत्येक ओळीखाली मी सही करीन.

सायटेशन वाढत गेली तेव्हा मला आनंदच झाला. का होऊ नये? आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, यापेक्षा वेगळं काय हवं असतं. कोण कशासाठी संदर्भ देतंय हे मी उघडून बघत नव्हते. कुणीच बघत नाही. आकडा दिसतो, तो वाढतो, तेवढं पुरतं.

मग ती मॉर्टॅलिटी मीटिंग झाली.

दगावलेल्या रुग्णांच्या केसेस पुन्हा तपासायची नेहमीची बैठक. दुसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट केस मांडत होता. ७८ वर्षांच्या बाई, वजन ३८ किलो, लघवीच्या संसर्गातून सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयवच कोलमडू लागण्याची अवस्था, झालेलं. दाखल करताना क्रिएटिनिन ०.९. त्याने तो आकडा हिरव्या रंगात दाखवला होता, म्हणजे नॉर्मल. अ‍ॅमिकासिन सुरू केलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कल्चरमध्येही जंतू त्याच औषधाला दाद देणारा निघाला, म्हणून तेच चालू ठेवलं. सोबत पायांवरच्या सुजेसाठी लघवीचं औषध होतं आणि पाठदुखीच्या गोळ्या होत्या. आठव्या दिवशी क्रिएटिनिन १.६. दहाव्या दिवशी ३.४. डायलिसिस. त्यानंतर दोन दिवसांनी बाई गेल्या.

हातातल्या कागदाच्या कोपऱ्यावर मी हिशेब मांडला. मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज देणारं हे सूत्र आपल्या क्षेत्रातल्या कुणालाही पाठ असतं: १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले ७२ आणि क्रिएटिनिनचा गुणाकार, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. उत्तर आलं मिनिटाला साधारण ३१ मिलिलिटर. ज्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत ते शरीर क्रिएटिनिन तयारच कमी करतं, रिपोर्टात ०.९ दिसतं आणि मूत्रपिंडं मात्र तिशीवर येऊन ठेपलेली असतात. हिरव्या रंगातला तो आकडा पहिल्याच दिवशी फसवत होता.

कुणीतरी विचारलं, ‘वय बघता हे औषध इतके दिवस का चालू ठेवलं?’ मुलाची तयारी होती. त्याने पुढची स्लाइड काढली. ‘सर, रीनल सेफ्टी एस्टॅब्लिश्ड आहे. रेफरन्स खाली दिलाय.’ म्हणजे मूत्रपिंडांना धोका नाही हे सिद्ध झालंय.

खाली, अगदी बारीक अक्षरात, माझा पेपर होता.

त्यावर माझं लग्नाआधीचं आडनाव आहे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तो संदर्भ पुन्हा पुन्हा वाचला. या बाई माझ्या अभ्यासातून तीनदा बाद झाल्या असत्या: वयावर, मूत्रपिंडांवर आणि औषधाच्या दिवसांवर. ज्या रुग्णाला आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलं, नेमक्या त्याच रुग्णासाठी तो कागद पुरावा म्हणून पुढे केला जात होता.

मी विचारलं, ‘डॉक्टर, हा पेपर तुम्ही वाचलाय का?’

‘नाही मॅडम, रिव्ह्यूमधून घेतलाय.’ रिव्ह्यू म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा घेणारा लेख.

‘त्यातल्या रुग्णांचं वय काय होतं?’

त्याला सांगता येईना. तेव्हा मी म्हटलं की हा पेपर माझा आहे, आणि त्यात कोण होतं, कोण नव्हतं ते सांगितलं. विभागप्रमुखांनी पुढची केस घ्यायला सांगितली.

तो मुलगा नंतर माझ्या खोलीत आला. रडवेला झाला होता, पण जे बोलला ते मला अजून खोडता आलेलं नाही. ‘मॅडम, रिव्ह्यू चांगल्या जर्नलमधला आहे. प्रत्येक वाक्याचा मूळ पेपर काढून वाचायचा म्हटलं तर मी ड्यूटी कधी करायची? मग रिव्ह्यू असतात कशासाठी?’

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. त्या बाई अ‍ॅमिकासिनने गेल्या असं मी म्हणत नाही. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडं औषधाशिवायही बंद पडतात, आणि त्या वयात, त्या अवस्थेत दुसरं औषध देऊनही शेवट हाच झाला असता, हे शक्य आहे. माझ्या पेपरमुळे त्या गेल्या असं तर मी मुळीच म्हणत नाही. पण पाचव्या दिवशी ते औषध थांबवावं का, हा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल, तर तो माझ्या नावाने मिटवला गेला. हे मला सहन होत नाही.

त्यानंतर मी जे आधी कधीच केलं नव्हतं ते केलं: मला उद्धृत करणारे पेपर एकेक उघडून वाचायला बसले. रिव्ह्यूतल्या वाक्याचा आधार होता दुसरा रिव्ह्यू, त्याचा आधार एका लेखाची प्रस्तावना, आणि त्या प्रस्तावनेने माझ्या सारांशातलं पहिलं वाक्य उचललं होतं. ‘अशा रुग्णांमध्ये’ हे दोन शब्द पहिल्याच उडीत गळले. पुढे ‘क्वचित वाढतं’चं ‘वाढत नाही’ झालं, आणि अखेरीस ‘सुरक्षित आहे’. एका ठिकाणी माझ्या पेपरचा पृष्ठक्रमांक चुकीचा छापला होता. तोच चुकीचा क्रमांक पुढे कितीतरी लेखांत जसाच्या तसा सापडला. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये नेमक्या अशाच छपाईच्या चुकांचा माग काढून अंदाज बांधला होता की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकच मूळ लेख वाचतात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. स्वतःच्या पेपरवर ते बघणं वेगळं असतं.

जर्नलच्या संपादकांना मी पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: संपादकांना पत्र पाठवण्याची मुदत केव्हाच संपली आहे, आणि आपल्या लेखात चूक नसल्याने दुरुस्ती छापण्याचा प्रश्न येत नाही. यातला तर्क मला समजतो, आणि संताप त्यामुळेच जास्त येतो. पेपर चुकला तर शुद्धिपत्र आहे. पेपर खोटा निघाला तर तो मागे घेतात. जो पेपर बरोबर आहे आणि जगाने उलटा वाचलाय, त्याचं लेखकाने काय करायचं?

‘एवढं काय मनावर घेता, हे सगळ्यांचंच होतं,’ असं म्हणणाऱ्यांना मी १९८० चं ते पत्र वाचायला देते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी लिहिलेला जेमतेम एक परिच्छेद. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये, आधी व्यसन नसलेल्यांपैकी, नीट नोंद झालेली व्यसनाची उदाहरणं फक्त ४ आढळली, एवढंच त्यात आहे. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्या पत्राच्या ६०८ सायटेशनचा हिशेब मांडला. ४३९ ठिकाणी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि दहातल्या आठ जणांनी ते रुग्ण दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. मधल्या काळात अमेरिकेत त्या गोळ्यांच्या व्यसनाने किती जण दगावले ते मी नव्याने सांगायला नको. आपल्या पत्राचा असा वापर झाल्याची शरम वाटते, असं जिक यांनी नंतर बोलून दाखवलं. जर्नलने मात्र त्या जुन्या पत्राच्या माथ्यावर वाचकांसाठी इशारा छापला. सदतीस वर्षांनी का होईना, छापला. म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

आणि सायटेशन मोजायची ही सगळी यंत्रणा मुळात कशासाठी होती? यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या लेखाचा संदर्भ पुढे कुणी दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली. त्या लेखाच्या सुरुवातीलाच त्यांनी हेतू सांगितला आहे: खोट्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचा संदर्भ लोक डोळे मिटून देतात ते थांबावं, आधीच्या लेखावर कुणी काय आक्षेप घेतलेत ते अभ्यासकाला कळावं. आज त्याच यंत्रणेतला आकडा आपण माणसाची किंमत म्हणून वाचतो. अँड्र्यू वेकफील्ड यांचा लस आणि ऑटिझमचा १९९८ चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्याच्या सायटेशनमध्ये बहुसंख्य सायटेशन त्याला खोडून काढणारी आहेत. पण आकड्यात तीही मिळवलेलीच असतात.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तो मला माझ्यातलीच जुनी बाई विचारते. ‘बढतीच्या अर्जात हाच पेपर सगळ्यात वर घातला होतास ना? तेव्हा बरा चालला!’ घातला होता. वयस्कर रुग्णांच्या डोसवरच्या कामाला निधी मिळाला तोही बहुधा त्याच आकड्याकडे बघून. ते काम नसतं झालं तर आमच्या वॉर्डात सत्तरीपुढच्या रुग्णाच्या चार्टवर आज जो मूत्रपिंडाचा हिशेब आधी लिहिला जातो, तो लिहिला गेला नसता. त्या दुसऱ्या पेपरला सायटेशन फारशी नाहीत. तो मी परिचयात पहिला घालते. जुनी मी म्हणते, हा केवळ सोवळेपणा आहे, नाव काढल्याने तो पेपर जगातून नाहीसा होत नाही. खरं आहे. एच-इंडेक्सच्या, म्हणजे संशोधकाचे किती पेपर किती वेळा उद्धृत झाले यावरून त्याला मिळणाऱ्या आकड्याच्या हिशेबातही, २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी तो बांधलाच असा आहे की, एक पेपर म्हणजे एकच, त्याला कितीही सायटेशन असोत. तेव्हा माझा त्याग म्हणावा तर तोही मोठा नाही.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘काढू नका, उलट सगळ्यात वर ठेवा आणि त्याच्यापुढे दोन ओळींत खुलासा लिहा.’ मी तसं करूनही बघितलं. संयोजकांनी खुलासा गाळला आणि आकडा ठेवला. सूत्रसंचालकाने तो मोठ्याने वाचला, टाळ्या पडल्या, आणि मला पुढचं सगळं व्याख्यान त्या टाळ्यांवर उभं राहून द्यावं लागलं. तेव्हापासून नाव काढते. हा उपाय बरोबर आहे असा माझा दावा नाही, उद्या कदाचित मी तो बदलेनही.

तोवर एवढं करा. तुमच्या लेखात त्या पेपरचा संदर्भ द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण वाक्य पुरं लिहा: साठीच्या आतले, मूत्रपिंडं चांगली असलेले रुग्ण, पाच दिवसांपर्यंत, रक्तातली पातळी मोजून. वाक्य लांबतं म्हणून यातलं काही गाळावंसं वाटलं, तर माझा संदर्भच गाळा.