बाई गायब, पेटी चालू

मागच्या महिन्यातली गोष्ट. मी ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभी, ऐरोली गेलं होतं नुकतंच, आणि बाबांचा ठाण्याच्या तलावपाळीवरून फोन, "अगं, प्लेयरमधली बाई गायब झालीय, नुसती पेटी वाजतेय." मला वाटलं चालताना चुकून कुठलं तरी बटण दाबलं असेल. बाबा रोज सकाळी शर्टाच्या खिशात छोटा एमपी३ प्लेयर टाकून मासुंदा तलावाला फेऱ्या मारतात. फोनवर गाणी ऐकत नाहीत, का तर अभंग रंगात आला की कोणीतरी लोन विकायला फोन करतं. मुद्दा बरोबर आहे त्यांचा.

रात्री घरी येऊन लावून बघितलं तर खरंच! पेटी येतेय, मागे टाळ आहेत, आणि गाणारी बाई कुठेतरी लांब विहिरीत बसल्यासारखी, म्हणजे नुसता घुमारा, शब्द नाहीच. त्याहून भारी म्हणजे जुनी गाणी लावली की काहीच नाही, शून्य, आकडे मात्र पुढे सरकतायत. बाबांनी तोवर निष्कर्ष काढून ठेवलेला की जुनी गाणी डिलीट झाली.

मीपण आधी फाइललाच शिव्या घातल्या. मग दुसरा हेडफोन लावला, तेच. बाबांचा हेडफोन माझ्या लॅपटॉपला लावला तर ठणठणीत. म्हणजे हेडफोन सुटला, भानगड प्लेयरच्या जॅकमध्ये, म्हणजे हेडफोनची पिन जिथे घुसते त्या भोकात.

आता ही बाई जाते कुठे ते सांगते, कारण मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली. साध्या ३.५ एमएमच्या पिनवर दोन काळे पट्टे असतात, त्यामुळे तिचे तीन भाग होतात, टोक म्हणजे डावा कान, मधलं कडं उजवा, आणि मागचा दांडा दोघांचा कॉमन, म्हणजे ग्राउंड. हा ग्राउंड तुटला की करंटला परत जायला रस्ताच राहत नाही, मग तो डाव्या कानातून शिरून उजव्यातून बाहेर पडायला बघतो आणि आपल्याला ऐकू येतो फक्त दोन्ही बाजूंमधला फरक. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा बरोबर मध्ये ठेवलेला असतो, दोन्हीकडे सारखा, म्हणून तो कटतो. पेटी एका अंगाला असते, ती वाचते. आणि जुनं रेकॉर्डिंग मोनो, दोन्हीकडे सेम टू सेम, तिथे फरकच नाही म्हणून सगळंच चिडीचूप! म्हणजे बाबांनी "जुनी गाणी गेली" म्हणून अर्धं निदान करून ठेवलं होतं, मलाच कळलं नाही.

पिन अर्धवट बसली तरी असंच होतं, म्हणून आधी सिलिकॉनचं कव्हर काढलं. फरक नाही. मग प्लेयर बंद करून टूथपिकने जॅक हळूच कोरला (सुई घालू नका, आतल्या पत्त्या वाकतात), तर खिशातला कापूस आणि बहुतेक टीएमटी बसच्या तिकिटाचा चुरा, अशी मुगाच्या दाण्याएवढी गोळी निघाली. आई म्हणाली, "शी!" मला वाटलं झालं काम. पण नाही, पिन अंगठ्याने एका बाजूला दाबली की बाई गाते, सोडली की परत पेटी.

स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला, त्याने न उघडताच "बोर्ड गया, नया ले लो" सांगितलं. मला राग आला, कॉलेजची सोल्डरिंग गन माळ्यावर पडलीच होती. रविवारी मागचे चार बारके स्क्रू काढले, बॅटरीची पिन आधी सोडवली, आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरकं धरून बघितलं तर जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल काळी रेघ. तिथलं सोल्डर, म्हणजे पाय बोर्डाला जोडणारा धातूचा ठिपका, तडकलेलं. मल्टिमीटर बीपवर लावला (जोड सलग असला की तो वाजतो), एक टोक पिनच्या दांड्याला, दुसरं बोर्डाच्या ग्राउंडला, पिन हलवली की बीप तुटतोय. खिशात पिन आडवी दाबली जायची, तो सगळा ताण त्या एका पायावर.

थोडं फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात ते), नवीन सोल्डरचा एक ठिपका, दोन सेकंद गन. बास. आणि पिनेला जोडायला काटकोनी अडॅप्टर आणलाय, म्हणजे वायर खिशातून सरळ वर येते.

फक्त एक घोळ राहिलाय. गाणी गेली समजून बाबांनी मधल्या काळात खालच्या मजल्यावरच्या मुलाकडून सगळी परत भरून घेतली होती, त्यामुळे आता प्रत्येक अभंग दोन-दोनदा वाजतो, आणि एकही डिलीट करायला बाबा तयार नाहीत.